सामन माशांची नदी

नदीचे पाणी स्वच्छ असले की नदी निरोगी आहे, असे आपण सहसा मानतो. वर्गात ‘नदीचे प्रदूषण’ शिकवताना कारखान्यांचे सांडपाणी, गावाची गटारे, शेतातली कीटकनाशके ह्यांची यादी होते आणि धडा संपतो. पण पाणी अगदी नितळ असूनही नदीतले मासे नाहीसे होऊ शकतात का?

होऊ शकतात. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, एल्व्हा नावाची सुमारे ७२ किलोमीटर लांबीची नदी आहे. ऑलिंपिक पर्वतातल्या बर्फात ती उगम पावते आणि हुआन दे फुका सामुद्रधुनीला मिळते. तिच्या खोऱ्याचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यानात आहे. वरच्या अंगाला शहर नाही, कारखाना नाही, शेती नाही. तरीही विसाव्या शतकात तिच्यातले सामन मासे जवळजवळ संपले. पूर्वी दरवर्षी सुमारे चार लाख मासे समुद्रातून ह्या नदीत येत असावेत, असा अंदाज आहे. शतकाच्या अखेरीस ते काही हजारांवर आले होते.

असे का झाले आणि ती नदी माशांसाठी पुन्हा कशी मोकळी केली गेली, हे ह्या लेखात पाहू. त्यासाठी आधी माशाला नदीकडून नेमके काय हवे असते ते समजून घ्यावे लागेल.

समुद्रात वाढ, नदीत जन्म

सामन आणि ट्राउट हे एकाच कुळातले मासे. (आपल्याकडे रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात, पण रावस अगदी वेगळ्या कुळातला आहे. नावापलीकडे दोघांचे नाते नाही.) प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर सामनच्या चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक, चम अशा जाती आढळतात. त्यांचा जन्म नदीच्या गोड्या पाण्यात होतो. काही जातींची पिल्ले लगेचच, तर काहींची वर्ष-दोन वर्षांनी समुद्राकडे निघतात. जाण्याआधी त्यांच्या शरीरात बदल घडतात, कारण आता खाऱ्या पाण्यात जगायचे असते. समुद्रात अन्न भरपूर, त्यामुळे तिथे ते झपाट्याने वाढतात. काही वर्षांनी अंडी घालण्यासाठी ते परत फिरतात, आणि तेही बहुधा जन्माला आले त्याच नदीकडे.

ती नदी ते कशी ओळखतात? वासाने. प्रत्येक नदीच्या पाण्यात तिथल्या मातीचा, खडकांचा, वनस्पतींचा असा खास वास मिसळलेला असतो. पिल्लू समुद्राकडे निघताना तो वास त्याच्या स्मृतीत ठसतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विशिष्ट रसायन पाण्यात मिसळून त्यात पिल्ले वाढवली. पुढे तेच रसायन ज्या ओढ्यात सोडले, त्या ओढ्यात ते मासे चढून आले.

परतीच्या वाटेवर सामन खात नाहीत. साठवलेल्या चरबीवर प्रवाहाविरुद्ध चढत जातात, अंडी घालतात आणि मरतात. ट्राउटमध्ये मात्र प्रकार निराळा आहे. रेनबो ट्राउट ह्या एकाच जातीचे काही मासे जन्मभर नदीत राहतात, तर काही समुद्रात जाऊन मोठे होऊन परततात. समुद्रात जाणाऱ्यांना स्टीलहेड म्हणतात. स्टीलहेड अंडी घातल्यावर मरतीलच असे नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, ती लक्षात ठेवू.

अंड्यांनाही श्वास हवा

सामनची मादी अंडी कुठेही टाकत नाही. ती गोट्या-खड्यांचा तळ शोधते, आडवी होऊन शेपटीने तळ झोडपते आणि खळगा तयार करते. खळग्यात काही अंडी घालते, नर त्यावर शुक्र सोडतो, मग मादी थोडी वर सरकून दुसरा खळगा करते. त्यातले निघालेले खडे पहिल्या खळग्यातल्या अंड्यांवर पांघरुणासारखे पसरतात. वाटाण्याएवढी दोन ते पाच हजार अंडी अशी गाडली जातात आणि कित्येक आठवडे किंवा महिने तिथेच राहतात.

गाडलेल्या अंड्यातला जीव गुदमरत नाही, कारण खड्यांच्या फटींतून पाणी वाहत असते. हे पाणी प्राणवायू आणते आणि अंड्यांनी टाकलेली घाण वाहून नेते. फटी बारीक गाळाने बुजल्या, की नदी वरून तशीच वाहताना दिसते, पण तळातली अंडी मरतात.

हे वर्गात दाखवता येते. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. त्यांचे बूड कापा, तोंडाला जाळीचे कापड बांधा आणि त्या उलट्या टांगा. दोन्हींत सारख्याच उंचीपर्यंत सुपारीएवढी खडी भरा. एका बाटलीत खडीच्या फटींत बारीक रेती आणि माती मिसळा. आता दोन्हींत एकेक पेला पाणी ओतून ते खाली यायला किती वेळ लागतो ते मोजा. मग विद्यार्थ्यांना विचारा, तुम्ही अंडे असता तर कोणत्या बाटलीत राहिला असता?

दुसरी गरज थंडाव्याची. पाणी जितके गरम तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. १० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना सुमारे ९.१ आणि ३० अंशांना सुमारे ७.६. उलट पाणी गरम झाले, की माशाच्या शरीरातल्या क्रिया वेगाने होतात आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. ट्राउट काश्मीर-हिमाचलात आणि निलगिरीच्या माथ्यावर टिकले, पण दख्खनच्या नद्यांत त्यांचे नाव नाही, त्याचे एक मोठे कारण हेच.

झाड उभे असताना आणि पडल्यावर

थंडावा टिकवण्याचे काम काठावरची झाडे करतात. त्यांची सावली पाण्यावर पडते, मुळे काठ धरून ठेवतात, पाने पाण्यात गळतात, ती किडे खातात आणि ते किडे माशांची पिल्ले खातात.

पण झाड पडल्यावरही त्याचे काम संपत नाही. मोठा ओंडका प्रवाहात अडकला, की पाणी त्याला वळसा घालते, एका बाजूला तळ खरवडून डोह करते, दुसऱ्या बाजूला खडी साठवते. डोहात पिल्लांना पुरापासून आणि पक्ष्यांपासून आसरा मिळतो, साठलेल्या खडीत माद्यांना अंडी घालायला जागा मिळते. पूर्वी अमेरिकेतही ‘नदी साफ करायची’ म्हणून असे ओंडके काढून टाकत. आता तेच ओंडके ट्रकने आणून, खांबांनी जखडून नदीत मुद्दाम बसवतात. एल्व्हाच्या खालच्या भागात तिथल्या आदिवासींनी असे बरेच ओंडक्यांचे बांध रचले आहेत.

थोडक्यात, माशाच्या दृष्टीने नदी म्हणजे नुसते पाणी नव्हे. मोकळ्या फटींचा तळ, थंडावा, झाडे, डोह आणि समुद्रापासून डोंगरापर्यंतची अखंड वाट, हे सगळे मिळून त्याची नदी होते.

दोन धरणे

एल्व्हाची वाट १९१३ मध्ये तुटली. पोर्ट एंजेलिस ह्या गावाजवळ, समुद्रापासून सुमारे आठ किलोमीटरवर, विजेसाठी एल्व्हा धरण उभे राहिले. उंची सुमारे ३३ मीटर. बांधकामाच्या वेळी, १९१२ मध्ये, त्याचा पाया एकदा फुटून पाणी खाली लोटले होते. १९२७ मध्ये त्याच्या वर, सुमारे ६४ मीटर उंचीचे ग्लाइन्स कॅन्यन धरण झाले. त्यांच्या विजेवर गावातल्या कागद-लगद्याच्या गिरण्या चालल्या आणि गाव वाढले. त्या काळी ती प्रगतीची खूण होती.

माशांना वाट ठेवली पाहिजे, असा कायदा राज्यात १८९० पासून होता. तरी दोन्ही धरणांना माशांसाठी वाट नव्हती. त्याऐवजी खाली मत्स्यबीज केंद्र काढून द्यायचे ठरले, आणि तेही काही वर्षांत बंद पडले.

नदी आणि उपनद्या मिळून ११० किलोमीटरहून अधिक वाट माशांना बंद झाली. उरले ते धरणाखालचे आठ किलोमीटर. लोअर एल्व्हा क्लॅलम ह्या आदिवासी समाजाचे अन्न, सण आणि कथा ह्या माशांशी जोडलेल्या होत्या. १८५५ च्या तहात त्यांना मासेमारीचा हक्क दिलेला होता. हक्क कागदावर राहिला, मासे मात्र राहिले नाहीत. त्यांच्या उत्पत्तिकथेतले पवित्र स्थळही जलाशयाखाली गेले.

शिडी का बांधली नाही?

इथे विद्यार्थी हमखास विचारतील, की धरण ठेवून माशांसाठी पायऱ्यांची शिडी का केली नाही? किंवा मत्स्यबीज केंद्रात पिल्ले वाढवून नदीत का सोडली नाहीत?

शिडी अनेक धरणांवर आहे आणि काही ठिकाणी ती उपयोगीही पडते. पण मासा शिडीने वर चढला, तरी खडी शिडीने खाली उतरत नाही. डोंगरातून येणारे गोटे, वाळू आणि ओंडके जलाशयात अडकून पडतात. धरणाखालची नदी मात्र वाहतच असते. तिला नवी खडी मिळत नाही आणि जुनी ती वाहून नेते. शेवटी तळाशी उरतात ते मादीच्या शेपटीला न हलणारे मोठे धोंडे. एल्व्हाच्या मुखाशी तर वाळूचा पुरवठा तुटल्यामुळे समुद्रकिनारा झिजला आणि वाळूत राहणारे शिंपलेही गेले. शिवाय जलाशयाचे पाणी उन्हाने तापते आणि ते गरम पाणी खाली सुटते.

मत्स्यबीज केंद्राचेही तसेच. त्यामुळे जात अगदी नष्ट होण्यापासून वाचते, आणि एल्व्हाच्या चिनूकच्या बाबतीत ते खरोखरच घडले. पण केंद्रात वाढलेले पिल्लू शेवटी त्याच तुटलेल्या नदीत जाते. टाकीत जगायला योग्य असलेले मासे पुढच्या पिढ्यांत वाढत जातात, नदीत जगायला योग्य असलेले नव्हे.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने एल्व्हा नदीच्या पुनरुज्जीवनाचा कायदा केला. अभ्यास, वाटाघाटी आणि पैशांची तरतूद ह्यांत जवळजवळ दोन दशके गेली.

धरण काढतात कसे?

सप्टेंबर २०११ मध्ये काम सुरू झाले. अडचण काँक्रीटची नव्हती, ती जलाशयांत साठलेल्या सुमारे दोन कोटी घनमीटर गाळाची होती. तो एकदम सुटला असता तर खालची नदी, गाव आणि उरलेसुरले मासे ह्यांचा निकाल लागला असता. म्हणून धरण थोडेथोडे उतरवायचे, पाणी खाली जाऊ द्यायचे, नदीला गाळ कापू द्यायचा, मग पुन्हा थोडे उतरवायचे, अशी पद्धत ठेवली. मासे नदीत शिरण्याच्या काळात तोडकाम थांबवत. गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी आधीच शुद्धीकरणाची सोय केली होती.

२०१२ च्या वसंतात एल्व्हा धरण पूर्ण गेले, ऑगस्ट २०१४ मध्ये ग्लाइन्स कॅन्यनचा शेवटचा भाग सुरुंगाने उडवला. तरीही वाट लगेच मोकळी झाली नाही. वरच्या धरणाच्या जागी दरड कोसळून मोठमोठे धोंडे पडले होते, तेही नंतर फोडावे लागले.

काही काळ नदी चिखलासारखी गढूळ वाहिली. आपण वर म्हटले, की गाळ अंड्यांचा शत्रू आहे, मग हे कसे चालले? हे नुकसान धरून चाललेलेच होते. म्हणून काही मासे स्वच्छ उपनद्यांत आणि केंद्रात हलवले होते. गाळाचे पाणी काही वर्षांत निवळते, भिंत मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असा तो हिशोब होता. पहिल्या पाच वर्षांत अडकलेल्या गाळापैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास गाळ नदीने स्वतःच वाहून नेला. त्यातून तळाला खडी मिळाली आणि मुखाशी नवा वाळूचा किनारा तयार झाला.

रिकाम्या जलाशयांच्या उघड्या जमिनीवर स्थानिक झाडांची तीन लाखांहून अधिक रोपे लावली, गवत आणि फुलझाडांचे बी पेरले. त्यात ल्युपिन ही शेंगवर्गीय वनस्पतीही होती. आपल्या ताग-धैंच्याप्रमाणे तीही हवेतला नत्र जमिनीत आणते आणि उजाड गाळावर इतर झाडांना वाट करून देते.

नदीने पुढे काय केले?

२०१२ मध्येच, खालचे धरण जाताच, सामन त्या जागेच्या वर पोहोचले. २०१४ मध्ये चिनूक वरच्या धरणाच्या जागेपलीकडे दिसले. बुल ट्राउट समुद्र आणि डोंगर ह्यांच्यामध्ये पुन्हा ये-जा करू लागले.

सर्वांत बोलके उदाहरण स्टीलहेडचे. धरणांमुळे जवळजवळ शंभर वर्षे रेनबो ट्राउट वर अडकले होते. समुद्राचे तोंडही न पाहिलेल्या कितीतरी पिढ्या त्यांच्यात झाल्या. वाट मोकळी झाल्यावर उन्हाळ्यात येणारे स्टीलहेड, जे जवळपास संपले होते, ते पुन्हा दिसू लागले. जनुकांच्या तपासणीवरून कळले, की त्या अडकलेल्या ट्राउटचा वारसा त्यांच्यात आहे. समुद्रात जाण्याचा गुण त्यांच्यात शिल्लक होता, फक्त वाट नव्हती.

मासे परतल्याचा फायदा माशांपुरता राहिला नाही. सामनचे शरीर समुद्रातल्या अन्नावर वाढलेले असते. ते मरते तेव्हा समुद्रातला नत्र आणि स्फुरद डोंगरातल्या ओढ्याला मिळतात. डिपर नावाचा एक छोटा पक्षी पाण्यात बुड्या मारून किडे टिपतो. सामन पोहोचतात तिथल्या डिपरांच्या शरीरात समुद्रातून आलेले अन्नघटक अधिक आढळले, आणि माद्यांची तब्येतही चांगली दिसली. मासा म्हणजे समुद्राने डोंगराला पाठवलेले खतच म्हणायचे.

पण सगळे सुरळीत झाले असे आम्हाला सुचवायचे नाही. परतणाऱ्या चिनूकमध्ये केंद्रात जन्मलेल्यांचेच प्रमाण बरीच वर्षे फार मोठे राहिले आहे. काही जाती हळू वाढत आहेत. ह्या सगळ्या कामाला सुमारे ३२ कोटी ५० लाख डॉलर लागले. २०११ पासून नदीत मासेमारी बंद ठेवली होती. २०२३ च्या शरद ऋतूत क्लॅलम लोकांनी, विधींसाठी आणि घरच्या अन्नासाठी म्हणून मर्यादित, कोहो सामन पकडले. जलाशय आटल्यावर त्यांचे पवित्र स्थळही त्यांना पुन्हा पाहता आले. आणि २०२५ च्या जुलैमध्ये इंधन नेणारा एक टँकर इंडियन क्रीक ह्या एल्व्हाच्या उपनदीत कोसळला. मोठ्या संख्येने पिल्ले मेली. नदी एकदा दुरुस्त केली, की तिची काळजी संपते असे नाही.

एल्व्हाचा अनुभव पुढे उपयोगी पडला. कॅलिफोर्निया-ओरेगन सीमेवरच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२३ आणि २०२४ मध्ये काढली गेली. शेवटच्या धरणाचे काम संपल्यानंतर काही आठवड्यांतच चिनूक सामन त्या जागांच्या वर, ओरेगनमध्ये पोहोचले.

आपल्या नदीला हेच प्रश्न

आपल्याकडे सामन नाहीत, आणि आपली धरणे शेतीला आणि शहरांना पाणी देतात. तेव्हा ‘धरणे पाडा’ असा ह्या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. एल्व्हाच्या दोन्ही धरणांचा उपयोग थोड्या विजेपुरता होता, हे विसरून चालणार नाही. पण माशांना वाट लागते, हे इथेही तितकेच खरे आहे. हिलसा मासा बंगालच्या उपसागरातून गंगेत चढून अलाहाबादपर्यंत येत असे. १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू झाल्यावर वरच्या गंगेत तो जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्या सह्याद्रीतला महाशीर समुद्रात जात नाही, पण पावसाळ्यात तोही अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतो, आणि त्यालाही खळाळते पाणी व खडकाळ तळ लागतो. लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून महाशीरचे बीज तयार केले जाते. त्या कामाचे मोल मोठे आहे. पण ते बीज सोडायचे त्या नदीत खडी, डोह आणि वाट शिल्लक आहे का, हा प्रश्न तिथेही उरतोच. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहांत लोकांनी महाशीर पिढ्यान्‌पिढ्या राखले. एक डोह राखला तरी किती फरक पडतो, हे तिथे दिसते.

गावाजवळचा ओढा किंवा नदी पाहायला मुलांना नेलेत, तर पाण्याच्या रंगाबरोबर आणखी काही गोष्टी त्यांच्याकडून टिपून घेता येतील. तळाचा एक धोंडा उचलून पाहावा. त्याखाली मोकळ्या फटी आहेत की गाळ? धोंड्याला चिकटलेले किडे दिसतात का? दुपारी सावलीतल्या आणि उन्हातल्या पाण्याचे तापमान किती निघते? वाळूचा उपसा कुठे होतो आणि तिथला तळ कसा दिसतो? उन्हाळ्यात आटत नाही असा डोह कुठे आहे, आणि गेल्या वीस वर्षांत असे किती डोह बुजले, हे जुन्या माणसांना विचारावे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याचे बरगे कधी काढतात आणि कधी घालतात ते नोंदवावे. पहिल्या पुराबरोबर मासे चढतात त्या दिवसांत बरगे काढलेले असतात का? भोई किंवा कोळी समाजातल्या माणसांना ह्याचे उत्तर तोंडपाठ असते. त्यांना एक दिवस शाळेत बोलवावे, आणि मुलांनी आपल्या वह्या उघड्या ठेवाव्यात.